उपवासाचं जातं

पुंजारामच्या गिरणीचा पट्टा एका ठिकाणी शिवलेला होता. मोटार सुरू झाली, की तो शिवलेला सांधा लोखंडी चाकावर आपटून 'थप' असा आवाज करायचा. थप, थप, थप. दुसऱ्या कुणी तो जालन्याला नेऊन नीट करून आणला असता. पुंजारामला मात्र त्यात पखवाज ऐकू यायचा. गिरणीच्या तोंडात दळण ओतायचं, डोळे अर्धे मिटायचे आणि त्या ठेक्यावर एखादी चाल धरायची. पीठ पडतंय, पुंजाराम डुलतोय आणि दारात उभी असलेली बाई ओरडतेय, "भाऊ, डबा भरला ना! पीठ सांडून राह्यलं!"

उंबरवाडी जांबेच्या वाटेवर. समर्थांचं जन्मस्थान इतकं जवळ, त्यामुळे गावाला कीर्तनाची गोडी जुनीच. रामनवमीला जांबेला जायचं आणि येताना एखाद्या बुवांना तारीख देऊनच परतायचं, असा रिवाज. एरवी दर एकादशीला मारुतीच्या देवळात कीर्तन ठरलेलं. पुंजाराम टाळकरी. बुवांच्या मागे, उजव्या हाताला त्याची जागा. कीर्तन समोर बसून ऐकण्यात सुख आहेच, पण बुवांच्या पाठीशी टाळ घेऊन उभं राहण्यात जे आहे ते काही वेगळंच. गजर चढत जातो, पाय आपोआप मागेपुढे पडायला लागतात आणि घरून बरोबर आणलेली काळजी कुठल्या टाळीला खाली गळून पडली, ते कळतसुद्धा नाही.

चौऱ्याहत्तर साली गावात लाइट आली. वर्षभरात पुंजारामने घराला लागून पत्र्याचं शेड घातलं आणि गिरणी बसवली. दगड, चाकं, पट्टा त्याने स्वतः जमवलं. मोटार दिली मेव्हण्याने. सर्जेराव हा पुंजारामच्या बायकोचा, गिरिजाबाईचा, धाकटा भाऊ. जुन्या जालन्यात त्याचं धान्याचं दुकान. बोलायला मोकळा, हसायला पुढे, पण व्यवहाराला पक्का.

"आक्का," मोटार उतरवून देतानाच तो म्हणाला होता, "गिरणी तुमची, मोटार माझी. गिरणी चालली तर मोटार इथंच राहील, सवडीनं बघू. न्हाई चालली तर मी येऊन खोलून नेईन. मला डाळीच्या कामाला लागतेच. तव्हा रडायचं न्हाई, बोला."

"रडतंय कोण? गाव मोठं हाय, सगळ्यांना खायला लागतं," गिरिजाबाई म्हणाली होती.

आणि गिरणी चालली. पहिले सहा-आठ महिने छान चालली. मग मार्गशीर्षातली एकादशी आली.

उपवासाचं दळण दळायची एक रीत असते. आधीच्या बाईची बाजरी दळून झाली, तरी दगडाच्या खाचांत तिचं पीठ राहतंच. म्हणून भगर दळायची असली, की गिरणी थांबवायची, दगड उघडून कुंच्याने झाडायचा, खालची कापडी बाही झटकायची. वर मूठभर भगर आधी दळून बाजूला काढायची आणि मगच खरं दळण टाकायचं. पुंजारामला हे माहीत होतं, आणि एरवी तो ते करतही होता. पण एकादशीच्या आदल्या दिवशी जांबेहून येणाऱ्या बुवांची एक अवघड चाल त्याच्या डोक्यात घोळत होती. ती सकाळपासून बसत नव्हती. नेमकी पट्ट्याच्या ठेक्यावर ती बसायला लागली आणि त्याच क्षणी बाजरी संपली. गिरणी थांबवली तर चाल सुटली असती. पुंजारामचा हात सवयीने पुढच्या डब्याकडे गेला आणि डबा सरळ गिरणीच्या तोंडात उपडा झाला.

तो डबा गोजरबाईचा होता.

गोजरबाई म्हणजे गावातलं एकादशीचं चालतंबोलतं पंचांग. लग्न होऊन उंबरवाडीत आली तेव्हापासून तिने एक एकादशी चुकवली नव्हती. बाळंतपणात नाही, तापात नाही. घरोघरच्या सुना तिला विचारायच्या, मावशी, हे चालतं का, ते चालतं का. मावशी सांगेल तो धर्म.

एकादशीच्या दुपारी गोजरबाई गिरणीत आली. डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, मागे-पुढे बघत. शेडमध्ये दुसरं कुणी नाही अशी खात्री करून तिने पदराखालून अर्धी भाकरी काढली. भगरीची पांढरी भाकरी, आणि तिच्यात इथेतिथे बाजरीचे हिरवट डाग.

"हे काय हाय, पुंजा?" ती कुजबुजली.

पुंजारामने भाकरी उजेडात धरली, उलटीपालटी करून बघितली. "मावशी... अर्धी कुठं गेली?"

"पोटात गेली! आंधळी झाले म्हातारी, निम्मी खाल्ल्यावर दिसलं मला." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज अजूनही कुजबुजताच होता. "इतक्या वर्षांची एकादशी माझी. तुझ्या गाण्यापायी गेली." एवढं बोलून ती आली तशीच, मागे-पुढे बघत, निघून गेली.

शहाण्या माणसाने यातून काय समजायचं? की बाई पदराखाली लपवून आली, दबक्या आवाजात बोलली, म्हणजे तिला हे कुणाला कळू द्यायचं नाही. पण पुंजारामचं मन कीर्तनात घडलेलं. चूक झाली, की ती संतसज्जनांपुढे उघड करावी आणि हलकं व्हावं, एवढंच त्याला ठाऊक. संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात पाणी गेलं नाही. देऊळ भरलं. बुवा उभे राहिले. वीणा गळ्यात पडली. आणि पुंजाराम टाळ खाली ठेवून पुढे आला, बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं, मग उठून बायांच्या बाजूला तोंड करून त्याने हात जोडले.

"गोजरमावशी!" त्याचा आवाज गजराचा, सगळ्या देवळाला पुरणारा. "माझ्या हातनं तुमच्या भगरीत बाजरी गेली. तुमची आजची एकादशी माझ्यामुळं मोडली. ह्या सभेपुढं मी तुमची माफी मागतो!"

देवळातल्या सगळ्या माना एकदम गोजरबाईकडे वळल्या. पुढे बसलेलं एक पोरगं म्हणालं, "आज्जीची एकादशी मोडली?" आणि मागून कुणाला तरी हसू आवरलं नाही.

बुवा अनुभवी होते. "बसा, बसा. देवापुढं ठेवलंत, देव बघून घेईल," असं म्हणून त्यांनी झटकन गजर सुरू केला. पण गोजरबाई उठली होती. ती देवळाबाहेर पडली तेव्हा तिची पावलंसुद्धा रागावलेली दिसत होती.

घरी आल्यावर गिरिजाबाईने नवऱ्यापुढे फराळाचं ताट वाढलं, समोर बसली आणि कपाळाला हात लावला.

"काय झालं?" पुंजारामने विचारलं. "खरं तेच बोललो ना मी?"

"खरं बोललात. पण कुणाचं? तुमचं बोलायला गेल्ता अन् त्या म्हातारीचं सांगून आल्ता."

"पण माफी मागायची मंग कशी?"

"तिच्या घरी जाऊन, दाराआड, हळू! आता म्हातारी तर तुटलीच, पण सगळ्या गावाला कळलं, की पुंजाच्या गिरणीत भगरीत बाजरी पडती. दोन्ही कामं तुम्ही एका दमात केली."

तिचं खरं निघालं. आठवड्याभरात गिरणी ओस पडली. बाया तीर्थपुरीच्या बाजाराला जाताना डोक्यावर दळण घेऊन जाऊ लागल्या. जी एखादी यायची, ती गिरणीच्या तोंडाशी उभी राहून पोलिसासारखी पहारा द्यायची. "आधी काय दळलं होतं? दगड झाडला का? बाही झटका. आमच्यासमोर झटका." पुंजाराम मुकाट्याने झटकायचा. गाणं बंद झालं होतं. पट्टा आपला एकटाच ठेका धरून राहिला होता.

तीनदा तो गोजरबाईकडे परत माफी मागायला निघाला आणि तीनदा गिरिजाबाईने त्याला उंबऱ्यातून परत आणला. "तुम्ही बोलू नका. बिलकुल बोलू नका. तुम्ही बोललात, की नवीन खर्च लागतो."

संक्रांतीला सर्जेराव बहिणीकडे आला. तिळगूळ खाल्ला, शेडमध्ये डोकावला. मोटारीवर हात ठेवून बघितला. ती थंडगार.

"दाजी, सकाळचे दहा वाजले. आतापर्यंत मोटारीला हात लावला तर चटका बसायला पाहिजे," तो म्हणाला.

पुंजारामने सगळी हकिकत सांगितली. सर्जेराव आधी पोट धरून हसला. मग हसू पुसून म्हणाला, "हसायची गोष्ट हाय, पण धंद्याची न्हाई. आक्का, मी बोललो तसं बोललो. शिवरातीच्या आदल्या दिवशी मी गाडी घेऊन येतो. तव्हा गिरणी चालू असली तर आनंद हाय. नसली तर मोटार नेतो. लोखंड गंजून जाईल अशानं."

"ये की," गिरिजाबाई म्हणाली. "गाडी आण. पण पाना विसरून ये."

भाऊ गेला आणि मग ती ओसरीवर बसून राहिली. मोटार गेली तर नुसती मोटार जाणार नव्हती. पुंजारामला दुसरं काही येत नव्हतं. चार एकराच्या कोरडवाहूवर टाळ वाजवता येत नाही. आणि हा माणूस गाणं सोडून मुका झाला होता, हे तिला सगळ्यात जास्त लागत होतं.

अशा दिवसांतही नेमाने दळण आणणारी एकच होती, शाळेच्या बेबीनंदाबाई. बौद्धवाड्यातल्या, जालन्याला शिकून गावच्याच शाळेत लागलेल्या. दर रविवारी त्यांचा गव्हाचा डबा यायचा.

"बाई, तुम्हाला आमची भीती न्हाई वाटत का?" गिरिजाबाईने एकदा विचारलं.

"आमच्या घरी एकादशीच न्हाई, वहिनी. तव्हा मालकांना माझी माफी मागायचं काही कारण न्हाई," बाई हसत म्हणाल्या. पुंजारामने मान खाली घातली, पण त्यालाही जरा हसू आलं. मग बाई म्हणाल्या, "खरं सांगू का? आमच्या वाड्यातल्या बायांना तुमच्याकडं यायचंय. पण त्या रानातून येतात दिवस मावळायला, अन् त्या वेळेला मालक टाळ घेऊन रोजच्या भजनाला देवळात. गिरणीला कुलूप. त्यांनी दळावं कधी अन् भाकरी टाकावी कधी?"

गिरिजाबाईने नवऱ्याकडे बघितलं. पुंजाराम म्हणाला, "संध्याकाळचं भजन सोडू का मी?"

"भजन कशाला सोडता? मला मोटार चालू करायला शिकवा."

पहिल्या दिवशी तिने हिरवं बटण दाबलं आणि मोटार गुरगुरताच "बया!" म्हणून दोन पावलं मागे सरली. चार दिवसांत तिचा हात बसला. दिवस मावळला, की पुंजाराम देवळात आणि गिरिजाबाई गिरणीत. मजुरी करून आलेल्या बाया डोक्यावरचा भारा बाहेर टेकवायच्या, दळण टाकायच्या, पाणी प्यायच्या, जरा पाय पसरायच्या. जिचा डबा आधी, तिचं दळण आधी, एवढा एकच नियम तिने ठेवला. त्यावर गावातल्या दोघीतिघींनी नाकं मुरडली. गिरिजाबाईने ती बघितलीच नाहीत. कुणाच्या घरी लेकरू आजारी असलं, तर त्या बाईचं पीठ ती स्वतः पोचवून यायची, आणि येताना लेकराच्या कपाळाला हात लावून यायची. यात तिला धंदा दिसत नव्हता. ती मुळातच तशी होती. फक्त आजवर ते घरापुरतं होतं, आता गिरणीवर येणाऱ्या बायांपर्यंत पोचलं.

मोटारीला जरा ऊब आली. पण सर्जेरावाचं समाधान होईल एवढी नाही. गावठाणातल्या बाया अजून तीर्थपुरीलाच जात होत्या आणि शिवरात जवळ येत होती. शिवरातीला तर घरातलं लहान पोरसुद्धा उपवास धरतं. घरोघर भगर, राजगिरा. ते दळण गिरणीत आलं तरच गाव परत आलं, असं म्हणता येणार होतं.

एका सकाळी गिरिजाबाईने घराच्या कोपऱ्यातलं जातं उघडं केलं. गिरणी आल्यापासून त्यावर गोवऱ्यांची पाटी ठेवलेली होती.

"हे कशाला?" पुंजारामने विचारलं.

"शेडमध्ये न्यायचं."

"गिरणीत जातं?" तो बघतच राहिला. "अगं, लोक हसतील. लाइटची गिरणी असून हातानं दळून राह्यले म्हणतील."

"हसू द्या. उपवासाचं दळण आजपासून ह्याच्यावर. घासून धुऊन घेतलं, की ह्याला बाजरी माहीत न्हाई, जवारी माहीत न्हाई. ह्याच्यात फक्त भगर अन् राजगिरा. उचला तिकडून."

दोघांनी दगड सरकवत सरकवत शेडच्या पूर्वेच्या कोपऱ्यात नेले. जमीन सारवली, जातं धुऊन मांडलं, हळदकुंकू वाहिलं. गिरिजाबाई दुसऱ्या दिवसापासून त्यावर भगर दळायला बसली. स्वतःच्या घरची, कारण दुसऱ्या कुणी आणलीच नव्हती. दगड बरेच दिवस पडून होता, टाकी लावून त्याच्या खाचा ताज्या केलेल्या नव्हत्या. जातं फिरायचं ते घरघर असं नाही, तर खरकन् खरकन् असं, दात खाल्ल्यासारखं.

गोजरबाईचं घर गिरणीच्या मागच्या गल्लीतच. पहिल्या दिवशी तिने तो आवाज ऐकला आणि सुनेला म्हणाली, "कोण दळतंय गं?" दुसऱ्या दिवशी म्हणाली, "कोण का असेना, दळता येत न्हाई तिला." तिसऱ्या दिवशी तिने दाराची कडी लावून घेतली. चौथ्या दिवशी तिला राहवलं नाही. काठी घेतली आणि ती गिरणीच्या दारात येऊन उभी राहिली.

पुंजारामने तिला बघितलं मात्र, त्याचे हात जोडले जायला लागले, तोंड उघडलं. गिरिजाबाईने जात्यावरूनच त्याच्याकडे असं बघितलं, की तोंड मिटलं.

"ऊठ," गोजरबाई म्हणाली.

गिरिजाबाई उठली.

"दळून राह्यलीस का दगड घासून राह्यलीस? चार दिवस झाले, माझ्या डोक्यात जातं फिरतंय. टाकी लावली न्हाई, खुंटा ढिला, अन् दाणे टाकतीस मूठ मूठ! हा रवा हाय का पीठ हाय?" बोलता बोलता ती खाली बसली. पीठ चिमटीत घेऊन चोळलं. मग खुंटा हातात धरला, दोन बोटांनी दाणे सोडले आणि जातं फिरवलं. आवाज लगेच बदलला. मऊ झाला.

"मावशी," गिरिजाबाई शेजारी टेकत हळूच म्हणाली, "मला कळत न्हाई हो ह्यातलं. उपवासाचं दळण आता ह्याच जात्यावर व्हावं, असं मनात हाय. पण ते कुणाच्या तरी नजरेखाली पाहिजे. काय चालतं, काय न्हाई, कशानंतर काय दळायचं. तुम्ही सांगाल तसं बराबर करू. न्हाईतर मी हे परत घरात नेते."

गोजरबाईने आणखी दाणे सोडले. जातं फिरत राहिलं. मग मान वर न करताच तिने विचारलं, "हा तुझा नवरा हात लावील का ह्याला?"

"बिलकुल न्हाई."

"मंग टाकी लावणारणीला बोलाव उद्या. अन् हा कुंचा फेक, मला मोरपिसाचा आणून दे." खुंट्यावरचा हात तसाच ठेवून ती पुंजारामकडे वळली. "अन् तू! असा गप कामून राह्यला? चार दिवस बघून राह्यले, गिरणी चालू अन् गाणं बंद. पीठ कडू होईल अशानं."

पुंजारामने आधी बायकोकडे बघितलं. त्याला बोलायची मनाईच होती ना.

"म्हण की!"

त्याने म्हटलं. आधी घोगरं, मग मोकळं. गोजरबाई मधूनच म्हणाली, "चाल चुकली," आणि तिने ती दुरुस्त करून दाखवली. तिच्या गळ्यात एवढी गोडी असेल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बातमी फिरली, की पुंजाच्या गिरणीत उपवासाचं दळण गोजरमावशी स्वतः बघते. मग काय विचारता! ज्या बाया देवळात हसल्या होत्या त्याच भगर घेऊन आल्या, आणि आलोच आहोत तर जवारीही टाकावी म्हणून दुसरा डबा काखेत घेऊन आल्या. जात्यापाशी बसायला गर्दी. मावशी एकेकीला धडे द्यायची. "असं न्हाई, अशी धर. सासूनं काहीच शिकवलं न्हाई का?" सासू शेजारीच बसलेली असायची.

शिवरातीच्या आदल्या दिवशी सर्जेरावाने तीर्थपुरीहून ठरवलेली बैलगाडी दारात उभी राहिली. गाडीवान सोबत, हातात पाना. बहीण पाना विसर म्हणाली होती, पण हा व्यापारी माणूस.

शेडमध्ये शिरायलाच त्याला जागा मिळेना. दारापासून मोटारीपर्यंत डबेच डबे. मोटार धडधडत होती, पुंजाराम गात होता, आणि कोपऱ्यात एक म्हातारी पाच-सहा बाया भोवती घेऊन बसली होती.

"आलास का? बस," गिरिजाबाई पिठाने पांढरी झालेली, तशीच म्हणाली. "दळणं संपू दे."

"आक्का, हे सणाचं झालं," सर्जेराव जोरात म्हणाला. हळू बोललेलं ऐकू येणं शक्य नव्हतं. "सणाला कुणाचाही धंदा चालतो. परवापासून पुन्हा काय? मला जालन्यात मोटारीची सोय करावी लागते."

"हा कोण?" गोजरबाईने विचारलं.

"भाऊ हाय माझा. सर्जेराव."

"पाव्हणं हाय व्हय? मंग उभा कामून? इकडं ये. ही सून दमली, तू समोरचा खुंटा धर."

"मी? जातं?"

"का? जालन्यातल्या पुरुषांच्या हाताला मेंदी लावलेली असती का?"

बाया फिसकन् हसल्या. सर्जेराव धोतर सावरत बसला आणि म्हातारीसमोर जातं ओढू लागला. दहा फेऱ्यांत त्याला घाम फुटला. तेवढ्यात लाइट गेली.

मोटार घुर्र करत थांबली. पट्टा लोंबला. शेडमध्ये एकदम शांत झालं. फक्त जातं तेवढं घरघरत होतं. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. सर्जेराव मात्र हात झटकत उठला. पाना घेऊन मोटारीपाशी गेला.

"दाजी, राग मानू नका. मोटार थांबलेलीच हाय, तव्हा उरकून घेतो. लाइट कधी येईल काय सांगावं? तव्हर ह्या सगळ्या डबे उचलून तीर्थपुरीला जातील. बघा तुम्ही."

पुंजाराम बाजूला झाला. शब्द हा शब्द होता. पहिला बोल्ट ढिला झाला. दुसरा झाला. गिरिजाबाई भावाकडे बघत होती. रडणार नाही असं तिने सांगितलं होतं आणि ती रडली नाही.

रविवार चुकला म्हणून आज डबा घेऊन आलेल्या बेबीनंदाबाईंनी घड्याळ बघितलं. "वहिनी, शाळेची वेळ झाली. माझा डबा राहू द्या. लाइट आली की दळून ठेवा, मी संध्याकाळी नेते." आणि त्या गेल्या.

"आमचाही ठेवा, गिरिजाकाकू. पाणी भरायचंय," एक सून म्हणाली. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी. कुणी जवारी ठेवली, कुणी गहू, कुणी दोन्ही. कुणी विचारलं नाही आधी काय दळणार, दगड झाडणार का, बाही झटकणार का. डबे तिथेच आणि बाया आपापल्या वाटेला.

सर्जेराव तिसऱ्या बोल्टला पाना लावून थांबला होता.

शेवटी गोजरबाई काठीवर जोर देऊन उठली. कोपऱ्यातला आपला डबा तिने पायाने पुढे सरकवला. "पुंजा, ही माझी जवारी. लाइट आली की दळ. मी काही आता पहारा द्यायला बसत न्हाई, महादेवाची तयारी करायची मला."

"मावशी, ठेवून जाता?" पुंजारामने विचारलं.

"मंग काय डोक्यावर घेऊन नाचू?" ती म्हणाली आणि दाराबाहेर पडली.

सर्जेराव त्या डब्यांकडे बघत राहिला. "आक्का," तो म्हणाला, "माझ्या दुकानात माणूस पोतं टेकवून पाणी प्यायला गेला, तरी त्याचा एक डोळा पोत्यावर असतो. मीसुद्धा दुसऱ्याच्या दुकानात तसाच. हे काय हाय?"

"काही न्हाई. डबे हाईत," गिरिजाबाई म्हणाली.

त्याने पाना उलटा फिरवला. तिसरा बोल्ट पक्का केला, मग दुसरा, मग पहिला. दोन्ही हातांनी मोटार हलवून बघितली. हलत नव्हती. कपाळाचा घाम पुसला, आणि पाना सदऱ्याच्या बाहीनेच पुसून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला.

"हा इथंच राहू द्या. गिरणीला पाना लागतो."

दुपार कलली तेव्हा लाइट आली. गिरिजाबाईने बटण दाबलं, पुंजारामने गोजरमावशीचा डबा उचलला आणि सर्जेराव निघायला म्हणून बाहेर आला. गाडीवान बैल जुंपून वाट बघत होता. गाडी रिकामी बघून त्याने मालकाच्या तोंडाकडे बघितलं.

"मालक, मोटार?"

"चालू हाय ना," सर्जेराव गाडीत चढत म्हणाला. "ऐकू येत न्हाई का?"